डावीकडची सीट

२६ एप्रिल, शनिवार

आज थोडक्यात निभावलं. आमचं नाही — त्या बाईचं.

तलावात फळीवर उभी राहून एका वल्ह्यानं सावकाश चालली होती. डोक्यावर पिवळीजर्द टोपी. आमच्या डावीकडे. मी केव्हाची तिच्याकडे बघत होते. आपल्याला असा तोल कधी जमेल का, असं काहीतरी मनात चाललं होतं. मला वाटलं, स्टिअरिंगवरून नवराही बघतोय. एवढी टोपी कुणाला दिसणार नाही! आणि हा शीळ घालत सरळ तिच्याच अंगावर बोट वळवायला लागला. मी किंचाळले. ह्यानं झटक्यात वेग तोडला, बोट नाक खुपसून थांबली, आणि आमच्याच लाटेनं बाई पाण्यात. वर आली ती टोपीशिवाय. "डोळे कुठे असतात हो तुमचे?" एवढंच म्हणाली.

हा माफी मागत राहिला. टोपी शोधून दिली. मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून — "कुठून उपटली गं ही?"

कुठून उपटली! कितीतरी वेळ तिथेच होती.



२७ एप्रिल, रविवार

पुन्हा गेलो. आज मी गप्प बसले नाही. सबंध वेळ बडबडत होते.

२९ एप्रिल, मंगळवार

गॅरेजमध्ये लिहितेय. शिलाई मशीनवर कुणाच्या तरी बोटीचं निळं आच्छादन अर्धवट पडलंय. हंगाम सुरू झाला की सगळ्यांना आठवतं — आच्छादन फाटलंय, गाद्यांची शिवण उसवलीय, आणि सगळ्यांना ते शनिवारच्या आत हवं असतं. शिवायला हवं. हात चालत नाही.

मी एकेक आठवत बसलेय. गेल्या थंडीपासून ह्याच्या डाव्या कोपरानं किती पेले पडले. कपाटाचं उघडं दार कपाळाला लागलं, तेव्हा माझ्यावरच चिडला — "उघडं कशाला ठेवतेस?" फुटपाथवर चालताना माणसांना धक्के. मी आपली म्हणायची, धांदरट आहेस. लग्नाच्या आधीपासून म्हणतेय. धांदरट हा शब्द किती सोयीचा! त्याच्याखाली काहीही झाकता येतं.

आणि मग रविवारची माझी बडबड. बोटीत स्टिअरिंग उजवीकडे असतं, माझी सीट डावीकडे. म्हणजे त्याची डावी बाजू माझ्यापलीकडे. मी म्हटलं, "अरे, ती बोट बघ, वरती घसरगुंडी लावलीय!" — त्यानं मान वळवली, बघितलं, हसला, आणि स्टिअरिंग हलकेच उजवीकडे घेतलं. घसरगुंडीवाली बोट आमच्यावर येत होती. मान वळवली की दिसतं. नाही वळवली की ती बाजूच नसते.



१ मे, गुरुवार

आडून सुचवलं — चष्म्याचा नंबर बघून ये ना, बरेच दिवस झाले. गेला बापडा. कामावरून येताना दुकानात जाऊन आला.

"शेवटची ओळ वाचली! म्हटलं, खाली छापखान्याचं नाव आहे तेही वाचू का?"

हा दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवतो. तांदळाएवढ्या दातावरची खाच त्याला दिसते. समोरचा दात शेजारच्या दाताच्या रंगाशी जुळवतो, तेव्हा त्या दोघांत फरक आहे हे मला भिंगातूनही कळत नाही. अशा माणसाला मी काय सांगू, की तुला दिसत नाही?

कदाचित मलाच वेड लागलंय. देव करो आणि मलाच लागलेलं असो.

४ मे, रविवार

काल आणि आज दोन्ही दिवस पाण्यावर. शनिवार-रविवारी हा तलाव म्हणजे ऐन बाजारातला रस्ता. काठाला घरांना घर लागलेलं, प्रत्येकाचा लाकडी धक्का, प्रत्येक धक्क्याला बोट, आणि सकाळी दहाच्या सुमाराला सगळ्या एकदम सुटतात. गाणी एकमेकांत मिसळतात. लाटेवर लाट आपटून पाणी नुसतं घुसळत असतं. नियम एकच — सगळ्यांनी एकाच दिशेनं फेरी मारायची, काठ उजव्या हाताला ठेवून. म्हणजे जे काही आडवं येतं, मध्येच वळतं, थांबतं, पोहतं, ते बहुतेक डावीकडे. माझ्या बाजूला.

मी सांगत राहते. लाल छत्रीवाले आजोबा. कुत्र्याला लाइफ जॅकेट घातलेली बोट. वाढदिवसाचे फुगे बांधलेली बोट. दोघं भांडताहेत बघ, तिनं त्याची चप्पल पाण्यात टाकली! — हा खदखदून हसला, आणि चप्पलवाल्यांना वळसा घालून पुढे गेला.

तरंगत्या हॉटेलाला बोट बांधली. बटाट्याच्या गरम काचऱ्या खाल्ल्या, बोटं चाटली. ऊन पाण्यावरून उलटून त्याच्या हनुवटीवर नाचत होतं. पाण्यात पाय सोडून म्हणाला, "दिवसभर लोकांचे दात बघतो. तुझे असे दिसले की सुट्टी झाल्यासारखी वाटते."

आणि थोड्या वेळानं — "हल्ली बोटीत किती बोलतेस तू! पूर्वी नुसती हँडल धरून बसायचीस. मला आवडतंय."



५ मे, सोमवार

न सांगायचं कारण मला नीट माहीत आहे. सासरे.

शेवटची काही वर्षं त्यांना दिसत नव्हतं. भिंत चाचपत चालायचे. सगळे म्हणायचे, वय झालं. हाच त्यांची नखं कापायचा, ह्याच्याच खांद्यावर हात ठेवून ते अंगणात जायचे. एकदा त्यांना खुर्चीत बसवून आत आला आणि मोरीत तोंड धूत राहिला, धूतच राहिला. म्हणाला, "मला असं झालं ना, तर—" पुढचं बोलला नाही.

ते वाक्य अजून अर्धंच आहे आमच्या घरात.

७ मे, बुधवार

कॅप्टन आले होते. शेजारचे. जन्मात कधी जहाजावर पाय ठेवलेला नाही, आयुष्य सगळं कर खात्यात गेलं. पण निवृत्त झाल्यापासून गच्चीत दुर्बीण, गळ्यात शिट्टी, आणि कुणी धक्क्याजवळून जोरात बोट नेली की शिट्टी वाजलीच! ह्यानंच त्यांचं नाव कॅप्टन ठेवलं. त्यांनाही ते आवडलेलं दिसतं.

उशी शिवायला टाकायचं निमित्त. उशी धड होती.

"वहिनी, मिस्टरांना जरा सांगा. रविवारी त्या मासेवाल्या होडीच्या किती जवळून गेले! एक हात अंतर."

"लक्ष नसेल."

"लक्ष असल्यासारखंच चालवतात हो. तेच मला कळत नाही."

मला ती होडी दिसलीच नव्हती. मी तेव्हा पिशवीतून पाण्याची बाटली काढत होते. एवढासा वेळ!

१० मे, शनिवार

मासोळी आली! कॉलेजचं वर्ष संपलं, आता दीड महिना घरी. दारात बॅग टाकली, माझ्या गळ्यात पडली, आणि कपडे न बदलता धक्क्यावर पळाली. बाबा तिला लहानपणापासून मासोळीच म्हणतो. आता माझ्याहून उंच झालीय.

येताना एक हिरवी फळी घेऊन आलीय. बोटीला दोरी बांधायची, तिनं दोरीचं हँडल धरून फळीवर उभं राहायचं, आणि बोटीनं ओढत न्यायचं. मैत्रिणीच्या गावी शिकली म्हणे. "बाबा, तू ओढशील ना? तुझ्यासारखी बोट कुणी चालवत नाही." बाबा फुगला. त्याचा तो चेहरा बघून मी स्वयंपाकघरात गेले.

मग जेवताना तिनं सांगितलं — ओढणाऱ्या बोटीत दोन माणसं लागतात. एकानं चालवायचं. दुसऱ्यानं फक्त मागे बघायचं. फळीवरचा माणूस पडला की लगेच ओरडायचं आणि लाल झेंडी वर धरायची, म्हणजे बाकीच्या बोटींना कळतं की पाण्यात माणूस आहे. हा तलावाचा कायदा आहे, नसेल तर गस्तीवाले दंड करतात.

"त्यासाठी डावीकडची सीट उलटी फिरते बघ. आई, तू तिथेच तर बसतेस. नुसतं मागे तोंड करून बसायचं."

नुसतं मागे तोंड करून!

मला ठसका लागला. हा पाणी द्यायला वळला आणि पेला पडला. "धांदरट," मासोळी हसून म्हणाली.

११ मे, रविवार

म्हटलं, पाठ दुखतेय. उलटं बसलं की मळमळतं. आज नको.

"बरं, पुढच्या शनिवारी," ती म्हणाली. तोंड एवढंसं झालं.

१३ मे, मंगळवार

त्याला सांगायचं की तिला? तिला सांगितलं तर ती तोंडावर बोलेल, ते वय नाही गप्प बसायचं. आणि बाबाकडे ती जशी बघते तशी पुन्हा बघणार नाही. त्याला सांगितलं तर... दोनदा सुरुवात केली. एकदा तो गुणगुणत नवी दोरी बोटीच्या कडीला बांधत होता. दुसऱ्यांदा म्हणाला, "काय गं?" आणि मी म्हटलं, "चहा टाकू?"

भित्री. दुसरा शब्द नाही.

१५ मे, गुरुवार

युक्ती सुचली. मागे बघायचं, पण मध्येमध्ये झरकन पुढे वळून बघायचं. एक नजर मागे, एक पुढे. आरसा असतोच, पण त्यात त्याला मागचं दिसतं, मला पुढचं नाही. मान दुखेल, दुखू दे. जमेल.

१७ मे, शनिवार

लिहिता येत नाही.

१८ मे, रविवार

ती बरी आहे. आधी हे लिहिते. खरचटलेलंही नाही. आत झोपलीय.

काल तलाव फुलून गेला होता. शाळांच्या सुट्टीचा पहिलाच शनिवार. मी मागे तोंड करून बसले, मांडीवर लाल झेंडी. हिरवी फळी, त्यावर मासोळी, गुडघे वाकवलेले, केस उडताहेत — मला बघून तिनं एक हात सोडून हलवला. काय दिसत होती! क्षणभर मी सगळं विसरले. मी नुसती तिची आई होते आणि ती पाण्यावर उभी होती.

मग माझ्या पाठीमागून इंजिनचा आवाज. पाण्यावरची स्कूटर, चिरकणारी, म्हणजे बोटीच्या पुढून, डावीकडून. मी वळले. दोन पोरं, एकमेकांच्या मागे, आडवी येत होती. हा सरळ जात होता, सरळ, शीळ घालत. "डावीकडे!" ओरडले. ह्यानं मान वळवली, बघितलं, बोट उजवीकडे काढली. पोरं हात हलवत गेली. मी त्यांच्याकडे बघत राहिले, आणखी कुणी मागून येतंय का ते बघत राहिले. पुढे बघत राहिले.

वळले तेव्हा दोरीचं हँडल पाण्यावर एकटंच उड्या मारत होतं.

ती कुठेच नव्हती. म्हणजे होती — कितीतरी मागे, एक ठिपका. त्या ठिपक्याच्या आणि आमच्या मध्ये बोटीच बोटी. आणि एक दोनमजली बोट, वर नाचणारी माणसं, सरळ त्या ठिपक्याकडे. चालवणारा मान मागे करून कुणाशी तरी बोलत होता. माझी झेंडी मांडीवर! मी उभी राहिले, झेंडी वर धरली, काय ओरडले ते आठवत नाही. हा बोट वळवत होता, बोट वळता वळत नव्हती.

तिचं तिलाच सुचलं. फळी पाण्यातून काढून दोन्ही हातांनी डोक्यावर उभी धरली. हिरवी, उंच. दोनमजली बोटवाल्याला शेवटी ती दिसली. तो वळला. त्याच्या लाटेखाली ती गेली. वर आली.

बोटीत ओढून घेतली तेव्हा दात वाजत होते. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तू माझ्याकडे बघत नव्हतीस. मी पडले, हात वर केला, आणि तुझी पाठ दिसत होती मला."

आणि हा. कधी आवाज चढवत नाही, तो — "तुझं एकच काम होतं! एकच! मागे बघायचं!"

मी म्हटलं, "चुकलं."

दोघं एका बाजूला बसली, टॉवेलमध्ये, एकमेकांना धरून. मी डावीकडच्या सीटवर. मग हा उठून स्टिअरिंगवर गेला. परत येतानाही मी पुढे बघत होते. पुढे बघितल्याशिवाय आम्ही घरी कसे पोचलो असतो?

१९ मे, सोमवार

मासोळी बोलत नाही. बोलते, म्हणजे "हो," "नको," "ठेव तिथे."

दुपारी कॅप्टन कुंपणाशी. शिट्टी गळ्यात नव्हती.

"वहिनी, मी परवा दुर्बिणीतून बघितलं सगळं. तुम्ही पुढे बघत होतात."

"हो."

"निष्काळजी बाई अशी बघत नाही. तुम्ही त्यांच्या वाटणीचं बघत होतात."

मी कुंपणाची पट्टी नखानं खरवडत राहिले. लाकडाचा रंग नखात गेला.

"किती दिवसांपासून?"

"थंडीपासून. नक्की माहीत नाही."

"मला गस्तीवाल्यांना सांगावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका. पण शनिवारच्या आत तुम्ही घरात सांगितलंत, तर मला कुणाला काही सांगायचं उरणार नाही."

ह्या माणसाची आम्ही किती टिंगल केली!

२० मे, मंगळवार

सांगितलं.

तो कामावरून आला, हात धुतले, टेबलाशी बसला. मासोळी बाहेर गेली होती. मी त्याच्यासमोर बसले नाही, बाजूला उभी राहिले. म्हटलं, "समोर त्या घड्याळाकडे बघ. मान हलवू नको." तो हसला, "आता काय खेळ?" मी माझा हात त्याच्या डाव्या कानापाशी नेला, तिथून हळूहळू पुढे आणला. बोटं हलवत. "माझा हात दिसला की सांग."

"कुठे आहे हात?"

कानापासून गालापर्यंत. गालापासून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्याच्याही पुढे.

"अगं, आण ना हात! कुठे आहे?"

नाकाच्या जवळ आल्यावर तो दचकला.

मग उजवीकडून. तिकडे थोडं बरं. थोडंच.

त्यानं मला पुन्हा करायला लावलं. मग स्वतःचा हात धरून केलं. मग उठून खिडकीशी गेला आणि तलावाकडे बघून केलं. मी सगळं सांगितलं — पिवळी टोपी, पेले, स्कूटर, शनिवारी मी कुठे बघत होते ते.

खिडकीशी उभा राहूनच म्हणाला, "म्हणजे ती लाल छत्री... ते फुगे... ती चप्पल. ते तू मला दाखवत होतीस."

"हो."

"मला वाटलं, तुला मजा येतेय."

येत होती रे! हेच तोंडातून निघालं नाही. सुरुवातीला भीतीनं बघत होते, पण बघता बघता खरंच आवडायला लागलं होतं. बडबड खोटी नव्हती. कारण फक्त दुसरं होतं. हे मी आता इथे लिहितेय, त्याला सांगायला हवं होतं तेव्हा नुसती उभी राहिले.

"इतके दिवस," तो म्हणाला, "तू माझ्याशी नाटक केलंस."

२१ मे, बुधवार

त्यानंच मासोळीला सांगितलं. मी तिथे नव्हते. ती गॅरेजमध्ये आली, शिवणाऱ्या माझ्या पाठीवर डोकं टेकवून उभी राहिली. मशीन थांबवलं नाही मी. थांबवलं असतं तर रडले असते.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्याच्या आधी तुला कसं सांगू?"

"मी मेले असते ना, आई."

हो. गेली असतीस.

२३ मे, शुक्रवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. अंधाऱ्या खोलीत एक मशीन, आतून पांढरं, मोठ्या वाटीसारखं. हनुवटी टेकायची, मध्ये बघायचं, आणि कडेला कुठेही बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. मी पडद्याबाहेर बसले होते. बटणाचा आवाज यायचा — टिक. टिक. मग काहीच नाही. कितीतरी वेळ काही नाही. मला ओरडावंसं वाटलं, अरे दाब, लागला असेल दिवा! मग एखादं टिक.

बाहेर आला तो हसत. "मशीन बिघडलंय तुमचं. दिवेच लागत नव्हते."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डावा जास्त. मधलं छान आहे, म्हणून पाटी वाचता येते, दात करता येतात. कडा गेल्यात. हळूहळू जातात, आणि गेलेली जागा काळी दिसत नाही, मेंदू ती भरून काढतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलं ते येत नाही. आहे ते थेंब घालून राखायचं.

"बोट?" ह्यानं विचारलं.

"नाही."

"कडेकडेनं? सकाळी, गर्दी नसताना?"

"नाही. गाडीही नाही."

"वडिलांना होतं का?" त्यांनी विचारलं.

"त्यांचं वय झालं होतं," हा म्हणाला. आणि म्हणता म्हणताच थांबला.

निघताना त्या म्हणाल्या, मुलीलाही एकदा आणा, हे रक्तातून येतं. ह्यानं ऐकलंच नाही असं दाखवलं.

गाडी मी चालवली. दुसऱ्या बाजूला तो, खिडकीकडे तोंड करून. त्याच्या खिडकीतून त्याला काय दिसत होतं आणि काय नाही, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

२४ मे, शनिवार

दिवसभर तलाव खदखदत होता. हा सकाळी खाली गेला तेव्हा माझा जीव खाली-वर! पण त्यानं दोरी सोडली नाही. बांधलेल्या बोटीत बसून राहिला, स्टिअरिंगवर हात ठेवून. बाकीच्यांच्या लाटांनी बोट धक्क्याला आपटत होती.

मी चहा घेऊन गेले. शेजारी बसायला वाकले.

"तिथे नको बसूस," म्हणाला.

वर आले. गच्चीत कॅप्टन होते. दुर्बीण डोळ्यांना नव्हती. दुसरीकडे बघत होते बिचारे.

२६ मे, सोमवार

थेंबांची बाटली तशीच. सील तोडलेलं नाही. मी काही बोलले की उठून जातो. बोटीची चावी त्याच्या खिशात असते. झोपतानाही.

मासोळीला तपासून आणू म्हटलं, तर एवढंच — "तिला कशाला? तिला लख्ख दिसतंय." आठवड्यातलं सगळ्यात लांब वाक्य.

२८ मे, बुधवार

मासोळी स्वतःच म्हणाली, "मी येते. आई, तू अपॉइंटमेंट घे. बाबा नाही आला तरी चालेल."

तो दारात उभा होता. ऐकलं त्यानं.

३० मे, शुक्रवार

आला. गाडीत आधीच जाऊन बसला होता.

मासोळीच्याही डोळ्यांत दाब वाढलेला आहे. नजर शाबूत, कडेपर्यंत सगळी. "अगदी वेळेत आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी काही वर्षांनी आला असतात, तर मला हे म्हणता आलं नसतं." आजपासून थेंब घातले तर तिचं काही जाणार नाही. तिनं विचारलं, "फळी?" — "खुशाल!"

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघंच होतो. ती औषधाच्या खिडकीशी रांगेत. ह्यानं माझा हात धरला, घट्ट. तिच्याकडे बघत राहिला, मान वळवून, पुरती वळवून.

म्हणाला, "बरं झालं गं, माझे डोळे आधी गेले."